अस्वलाच्या घरातून जाताना



आजचं चिंतन गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या १५व्या श्लोकावर. भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची ओळख सांगतात. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही, लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, आणि हर्ष, चीड, भय, उद्वेग यांतून जो सुटला आहे, तो मला प्रिय.

खरं सांगू? मी कितीतरी वर्षं हा श्लोक अर्धाच वाचत होतो. लोकांमुळे मला त्रास होऊ नये, एवढंच मला हवं होतं. पहिला अर्धा भाग मला एका अस्वलाने शिकवला.

तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त अमेरिकेत होतो. ऑगस्टमध्ये मी, बायको आणि एक मित्र-जोडपं असे चौघं मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये गेलो. तिथे आइसबर्ग लेक नावाचा तलाव आहे. जाऊन-येऊन साधारण १५ किलोमीटर, चढ फारसा नाही. तिन्ही बाजूंनी उंच कडे आणि भर उन्हाळ्यातही पाण्यावर तरंगणारे बर्फाचे तुकडे. पण वाट जाते ग्रिझली अस्वलांच्या मुलखातून. वाटेच्या दोन्ही बाजूंना हकलबेरीची झुडपं, आणि उन्हाळा संपत आला की अस्वलं थंडीची बेगमी म्हणून दिवसभर तीच खात असतात.

सुरुवातीलाच सूचनांचा बोर्ड. अस्वलापासून निदान १०० यार्ड, म्हणजे साधारण ९० मीटर लांब राहा. मिरचीच्या अर्काचा स्प्रे बॅगेत नको, हाताशी ठेवा. खाणं उघड्यावर सोडू नका. आणि चालताना आवाज करा. अस्वल बऱ्याचदा दचकल्यामुळे हल्ला करतं. माणूस अचानक समोर आला, सोबत पिल्लू असलं, तर जास्तच.

मग काय, आम्ही टाळ्या वाजवत ‘रामकृष्ण हरी’चा गजर सुरू केला! माझा आवाज सगळ्यात मोठा. बायको हसून म्हणाली, “अरे, हा जप देवासाठी चाललाय की अस्वलासाठी?”

मी म्हटलं, “माझ्यासाठी!” खरंच भीती वाटत होती.

टार्मिगन धबधबा मागे टाकला आणि थोड्या वेळाने मित्राने हात वर केला. पलीकडच्या उतारावर, बरंच लांब, खांद्यावर वशिंड असलेलं तपकिरी ग्रिझली. मागे एक पिल्लू. दोघं बेरी खात होती. आमचा आवाज ऐकून आईने मान वर केली, क्षणभर पाहिलं, आणि भरलेलं झुडूप तसंच सोडून पिल्लाला घेऊन वर निघून गेली.

माझी भीती उतरली, पण मन खट्टू झालं. तिच्या घरात आम्ही शिरलो होतो आणि ताटावरून ती उठली होती. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत एकेकाळी ५० हजारांच्या आसपास ग्रिझली होती. माणसाने ती इतकी मारली की १९७५ साली कायद्याचं संरक्षण द्यावं लागलं, तेव्हा हजारही उरली नव्हती. मग कोणी कोणाला घाबरायचं?

तलावाच्या काठावर बसलो. समोर निळंशार पाणी, आणि मला मात्र आठवत होता टीममधला एक ज्युनियर. त्याच आठवड्यात आमची सिस्टिम बंद पडली होती. चूक त्याला दोन दिवस आधीच सापडली होती. “मग सांगितलं का नाहीस?” असं विचारल्यावर तो खाली बघत म्हणाला, “सर, तुम्ही चिडाल असं वाटलं.” त्यावर मी खरोखरच चिडलो होतो!

मी रोज सकाळी गीता वाचतो, शांत असतो, असं मला वाटायचं. पण माझी शांती मोजायची कुठे? माझ्या आत, की माझ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर? भगवंतांनी क्रम कसा लावलाय बघा. आधी तुझ्यामुळे इतरांना होणारा उद्वेग, मग इतरांमुळे तुला होणारा.

आता प्रश्न येईल, मग चूक दाखवायचीच नाही का? कोड रिव्ह्यूमध्ये सगळ्याला ‘छान’ म्हणायचं? नाही. सतराव्या अध्यायातल्या १५व्या श्लोकात वाणीचं तप सांगताना हाच ‘उद्वेग’ शब्द परत येतो. बोलणं उद्वेग न देणारं हवं, पण सत्य, प्रिय आणि हिताचंही हवं. म्हणजे सत्य गाळायचं नाही, त्यातली दहशत गाळायची. जंगलातला नियमही तोच ना? गप्प राहून अचानक समोर यायचं नाही. लांबूनच साद घालायची आणि समोरच्याला जागा द्यायची.

उतरताना गजर पुन्हा सुरू केला. या वेळी तो थोडासा तिच्यासाठीही होता.

परत आल्यावर त्या मुलाची माफी मागितली. त्याचा विश्वास लगेच बसला नाही, काही महिने गेले. अजूनही माझा आवाज चढतो, पण आता तो मलाही ऐकू येतो.

आजचा अभ्यास छोटासाच: घरात, ऑफिसात, सोसायटीत कोण आपल्याला बघून गप्प होतं, ते आज शोधू या. आणि त्याच्याशी आपणहून दोन शब्द बोलू या.

राम कृष्ण हरी!