पाच पैशांचं तिकीट

जव्हार,
१५ सप्टेंबर २०२४

माझ्या गुणी नातीस,


परवा फोनवर तू विचारलंस, "आजा, बांगलादेशात कॉलेजच्या पोरांनी सरकार घालवलं. आता तिथं चांगलं होईल ना?" तेवढ्यात रेंज गेली. उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच, म्हणून हे पत्र.

१९७१ साली मी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर नवा मास्तर होतो. त्या वर्षाच्या अखेरीला घरी पत्र धाडायचं तर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं आणखी एक तिकीट चिकटवावं लागे. ते निर्वासितांच्या मदतीसाठी होतं. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं जीव घेऊन भारतात आली होती. ते तिकीट लावताना मला प्रश्न पडे, की झेंडा एक, मग या लोकांना आपल्याच देशातून का पळावं लागलं?

त्याची मुळं मागे होती. १९४७ला पाकिस्तान झालं तेव्हा त्याचे दोन तुकडे हजार मैलांहून अधिक अंतरावर होते. पूर्वेला माणसं जास्त, पण सत्ता आणि सैन्य पश्चिमेला. १९४८मध्ये जीनांनी ढाक्यात येऊन सांगितलं, की राज्यभाषा उर्दूच राहील. बंगालीसाठी पोरं रस्त्यावर उतरली आणि २१ फेब्रुवारी १९५२ला गोळीबारात मेली. ताग पूर्वेच्या शेतात पिके, त्यातून आलेलं परकीय चलन पश्चिमेच्या कारखान्यांकडे जाई. १९५८पासून लष्कराचं राज्य होतं. थेट मतदानाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तीच डिसेंबर १९७०मध्ये, स्वातंत्र्यानंतर तेवीस वर्षांनी. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्वेतल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. देशभरचं बहुमत त्यांचं होतं, तरी सत्ता दिली नाही. २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात सैन्य घुसलं. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, ती बातमी आम्ही पाड्यावरच्या एकुलत्या रेडिओभोवती बसून ऐकली. मला वाटलं, झालं, त्या लोकांचं दुःख संपलं.

पुढचं मला बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तुला खरं तेच सांगायचं आहे.

त्या देशाच्या आग्नेय टोकाला चितगावचे डोंगर आहेत. तिथं चाकमा, मारमा, त्रिपुरा असे आपल्यासारखे डोंगरी लोक राहतात. पाकिस्तानच्या काळात, १९६२ला, तिथं कर्णफुली नदीवर कप्ताईचं धरण पुरं झालं. सुमारे एक लाख माणसं उठली. तिथली कसण्याजोगी चाळीस टक्के जमीन बुडाली. रांगामाटीतला चाकमा राजाचा वाडासुद्धा पाण्याखाली गेला. जव्हारच्या टेकडीवरचा आपला जयविलास राजवाडा डोळ्यांपुढे आण, म्हणजे त्या लोकांना काय वाटलं असेल ते कळेल.

मग बांगलादेश स्वतंत्र झाला आणि १९७२ला राज्यघटना लिहायला बसला. डोंगराचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा सभागृहात उभे राहिले. या देशाचे सगळे नागरिक 'बंगाली' म्हणून ओळखले जातील, असं घटनेत येत होतं. लारमा म्हणाले, मी या देशाचा नागरिक आहे, पण बंगाली नाही, चाकमा आहे. कोणी ऐकलं नाही. ते सभागृहाबाहेर निघून गेले. भाषेसाठी ज्यांची पोरं मेली, त्यांनाच वीस वर्षांनी दुसऱ्याची भाषा ऐकू येईना.

पुढे डोंगरात बंदुका उगवल्या. लष्करी राजवटींनी सपाटीवरची लाखो माणसं तिकडे नेऊन वसवली. हजारो चाकमा आपल्या भारतातल्या त्रिपुरा राज्यात निर्वासित झाले. २ डिसेंबर १९९७ला सरकारचा डोंगरी लोकांशी करार झाला, पण जमिनीचा प्रश्न अजून लोंबकळतोच आहे. तिकडे ढाक्यात १९७५ला मुजीब यांचा खून झाला, जनरल आले, १९९०ला लोकांनी जनरल एर्शाद यांना खाली खेचलं, मग खालिदा झिया आणि शेख हसीना आलटून पालटून सत्तेवर आल्या. सरकार हलवणं तिथल्या पोरांना १९५२पासून ठाऊक आहे. या ५ ऑगस्टलाही त्यांनी ते केलं, आणि त्यासाठी शेकड्यांनी जीव गेले. पण चांगलं होईल का, हे ढाक्याच्या चौकात ठरणार नाही. रांगामाटीच्या डोंगरातलं गाऱ्हाणं ढाक्यात ऐकलं जातं का, यावर ते ठरेल.

आता आपल्याकडे बघ. मोखाड्यात मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. १९९२ला वावर-वांगणीत कुपोषणाने पोरं दगावली, तेव्हा कुठे राज्याला जव्हारचं नाव नीट कळलं. टोकाला राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी आपल्या हाती काही आहे. पहिल्याच निवडणुकीपासून इथल्या माणसाला मत मिळालं. आदिवासी भागातल्या ग्रामसभेसाठीचा १९९६चा पेसा कायदा आहे, २००६चा वनहक्क कायदा आहे. त्यातून मिळालेलं थोडं आहे, पण ते मागायला सभा आहे, बंदूक लागत नाही.

तू अठरा पुरी केलीस. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला तुला पहिल्यांदा बसायचं आहे. आपल्या पाण्याचा, रस्त्याचा मुद्दा तू धीटपणे मांडशील, याची मला खात्री आहे. तुझ्या बोलीला शाळेत हसायचे, तू घरी येऊन रडायचीस. त्याच बोलीत उभी राहून बोल.

बोलून झालं की मागे वळून बघ. भिंतीच्या कडेला कातकरी वाडीतल्या बाया बसलेल्या असतील. त्यांच्या नावावर जमीन नाही, दिवाळीनंतर त्या वीटभट्टीवर जातात. इतकी वर्षं सभेत त्यांचा अंगठा घेतला, म्हणणं कोणी विचारलं नाही. त्यात मीही होतो. मुंबईने आपलं ऐकावं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्यासाठी मुंबई आपणच असतो.

त्या दिवशी त्यांच्यातल्या एकीला बोलू दे. ती अडखळेल, वेळ लागेल, कोणी घाई करेल. तू खाली बसू नकोस, तिचं पुरं होईपर्यंत तिच्याजवळ उभी राहा.

नागली निसवायला लागली आहे. सभेला येशील तेव्हा दोन दिवस राहूनच जा.

तुझा,
आजा