बेहडा आणि चेरी

ब्रिटनमध्ये जुनी फ्रूट मशीन दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसांची एक छोटी दुनिया आहे. चेरी, लिंबू, आलुबुखार अशी चित्रे फिरवणारी ही जुगाराची यंत्रे १९६०च्या बेटिंग अँड गेमिंग कायद्यानंतर तिथल्या पबांत आणि क्लबांत उघडपणे स्थिरावली. ती मोडीत निघाली, की ही माणसे त्यांना घरी आणतात. दगडासारखे झालेले वंगण खरवडतात, थकलेल्या स्प्रिंगा बदलतात, नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत बॅटरी गळून खाल्ले गेलेले सर्किट बोर्ड सांधतात. ज्या वस्तूने अनेकांचा आठवड्याचा पगार गिळला, तिला इतका जीव लावून पुन्हा चालती करणे धर्माला धरून आहे का, हा प्रश्न म्हणूनच गंभीरपणे विचारला पाहिजे.

पहिले सोपे उत्तर असे, की वस्तूला पाप-पुण्य नसते; सुरीने भाजीही चिरता येते. हे उत्तर इथे लागू पडत नाही. जुन्या यांत्रिक मशीनच्या तीन रिळांवर साधारणपणे प्रत्येकी २० चित्रे असत, म्हणजे एकूण जुळण्या ८,०००. सर्वांत मोठ्या बक्षिसाचे चित्र प्रत्येक रिळावर एकदाच असेल, तर ते मिळण्याची शक्यता ८,०००त एक. शिवाय पहिल्या दोन रिळांवर फायद्याची चित्रे बरीच आणि तिसऱ्यावर मोजकी, अशी मांडणी करता येई. रिळे एकदम थांबत नसत; आतले घड्याळासारखे दातेरी यंत्र त्यांना डावीकडून उजवीकडे एकेक करून थांबवी. दोन जुळली, तिसरे थोडक्यात हुकले, ही हुरहूर योगायोगाची नव्हती. ती पत्रा कापतानाच घडवलेली होती. सुरीच्या पात्यात कोणाचा घात लिहिलेला नसतो. या रिळांवर खेळणाऱ्याचा तोटा मोजून लिहिलेला असतो.

मग ते यंत्र भंगारातच जावे, हे दुसरे सोपे उत्तर. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचा विलाप सांगणारे अक्षसूक्त आहे. त्यातले फासे बेहड्याच्या फळांचे. तरीही आपल्या परंपरेने बेहडा तोडून टाकला नाही. त्रिफळ्यात तो आजही आहे. पण या दाखल्यावर फार भार टाकता येत नाही. बेहडा जुगारासाठी उगवला नव्हता, यंत्र मात्र जुगारासाठीच घडले. म्हणून पाहायचे ते हे, की दुरुस्ती त्या घडणीचे नेमके काय करते. या यंत्राची सारी सत्ता झाकण्यात आहे. फळांची चित्रेसुद्धा एक आडपडदाच होती: विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत जुगारबंदी चुकवण्यासाठी अशी यंत्रे च्युइंगम विकत असल्याचे भासवत, आणि फळे त्या गमच्या स्वादांची खूण होती. खेळणाऱ्यासमोर फक्त दर्शनी काच येते. दुरुस्त करणारा दार उघडतो. रिळांशेजारच्या चकत्यांतली भोके, त्यांत उतरणारे खटके, पैसे सोडणाऱ्या पट्ट्या हे सारे त्याला दिसते आणि नशीब म्हणून जे वाटले होते ते मोजता येते. वेदान्तात दोरीवर सापाचा भास होतो आणि ज्ञानाने तो मावळतो. इथे नेमके उलटे झालेले असते: खेळणाऱ्याने साप दोरी समजून धरलेला असतो. दुरुस्ती त्या सापाची दोरी करत नाही. पण साप साप म्हणून दिसू लागतो.

यावर दोन आक्षेप येतात. चालते झालेले यंत्र पुन्हा कोणाला तरी लुबाडेल, हा पहिला. जुनी पेनी घेणाऱ्या यंत्रांपुरता तो दुबळा आहे, कारण ते नाणे १९७१मध्येच चलनातून गेले. आणि घरात किल्ली व नाणी एकाच्याच खिशात असतील, तर लुबाडणार कोण आणि कोणाला? पण आजचे नाणे घेणारे यंत्र विकताना ते कुठे जाणार याची जबाबदारी दुरुस्त करणाऱ्यावर राहतेच. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: चकचकीत क्रोम आणि रंगीत काच पाहून आपण त्या यंत्रापायी उद्ध्वस्त झालेली घरे विसरतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच या कामाला एक नियम हवा. पाहुण्यांना मौज वाटावी म्हणून बक्षिसे वाढवू नयेत, रिळांवरची चित्रे बदलू नयेत. उदार केलेले यंत्र आपल्या इतिहासाविषयी खोटे बोलते. ते पूर्वी जसे हरवत असे, तसेच आजही हरवले पाहिजे. नुसते काचेच्या कपाटात ठेवूनही हे साधणार नाही, कारण थांबलेली रिळे दोष लपवतात. तो रिळे फिरतानाच दिसतो.

ही अट पाळली, तर दुरुस्ती ही त्या वस्तूची क्षमा नव्हे, तिची जाहीर साक्ष ठरते. म्हणून शेवटचा स्क्रू बसला तरी काम पुरे झाले असे मानू नये. समोर मूल येऊन उभे राहिले, तर दांडा त्याच्या हाती देण्याआधी दार उघडून त्याला तिसरे रीळ मोजायला सांगावे.