पर्वतांनी नाकारलेली अमानत



मावळातून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाने जाताना आज आपल्यावर यंत्राची नजर असते. २०२४ पासून या मार्गावर बसवलेले कॅमेरे वाहनाचा क्रमांक वाचतात, वेग मोजतात, चालकाने सीटबेल्ट लावला आहे की नाही हे ओळखतात. पूर्वी हे काम शिपायाचे होते. पाहणे, ओळखणे, नोंद ठेवणे, हे सारे यंत्र करू लागले, तर माणसाचे वेगळेपण कशात उरले?

पवित्र कुरआन सांगतो की, अल्लाहने आदम (अ.) यांना सर्व वस्तूंची नावे शिकवली (सूरह बकरह, आयत ३१). नावे तर आज यंत्रालाही शिकवता येतात. परंतु आदम (अ.) यांचा वृत्तान्त तेथे संपत नाही. त्यांच्याकडून चूक घडली, ते पालनकर्त्याकडे वळले आणि त्यांची तौबा स्वीकारली गेली (आयत ३७). यंत्रही चुकते, पण त्याला दुसऱ्याने दुरुस्त करावे लागते. स्वतःच्या चुकीची लाज त्याला वाटत नाही. इब्लीसने आदममध्ये केवळ माती पाहिली. माणूस म्हणजे निव्वळ हिशेब करणारे यंत्र, असे मानणाराही तीच चूक करतो.

सूरह अहज़ाबमध्ये (आयत ७२) अमानतीचा उल्लेख आहे. आकाश, पृथ्वी आणि पर्वत ती उचलण्यास भ्याले; माणसाने ती उचलली. खंडाळ्याच्या घाटात सह्याद्रीचे कडे पाहताना ही आयत आठवावी. एवढ्या अजस्र पर्वतांनी जे ओझे नाकारले, ते आपल्या खांद्यावर आहे. त्याचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे. कोणतेही यंत्र आपल्या वतीने तो देणार नाही.

कॅमेरा दिसताच वेग कमी करायचा आणि तो मागे पडताच पुन्हा वाढवायचा, हे आपण नित्य पाहतो. मागच्या आसनावर बसलेली मुलेही पाहतात आणि शिकतात. पैगंबर (स.) यांनी शिकवलेला एहसान याहून निराळा आहे: आपण अल्लाहला पाहत नसलो, तरी तो आपल्याला पाहतो, या जाणिवेने जगणे. कॅमेऱ्याला वेग कळतो, मनातला हेतू कळत नाही. अल्लाहला दोन्ही ठाऊक आहेत. शेजारच्या वाहनातील जीवही आपल्याकडे सोपवलेली अमानतच आहे. म्हणून जेथे कॅमेरा नाही, त्या वळणावर आपले माणूसपण कसाला लागते.

अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.