आंतोनिएताबाईंच्या नावानं मागणं

देवा, आज एका बाईंचं नाव घेऊन तुझ्यापाशी आले आहे. आंतोनिएता दे बारोस. ब्राझीलच्या दक्षिणेला सांता कातारीना नावाचं राज्य आहे. त्याची राजधानी फ्लोरियानोपोलिस, आणि तिचा जुना भाग एका बेटावर वसला आहे. तिथे ११ जुलै १९०१ रोजी तू या मुलीला जन्म दिलास. तिनं तुला पोर्तुगीज भाषेत हाक मारली, मी मराठीत मारते. तिचं ऐकणारा तू माझंही ऐकशील, एवढ्या भरवशावर बोलते आहे.

आधी तिच्या आईसाठी तुझे आभार मानू दे. कातारीना तिचं नाव. गुलामीतून सुटलेली बाई. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १३ मे १८८८ रोजी, म्हणजे लेक जन्मली तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम तेरा वर्षं झाली होती. नवरा लवकर गेला. कातारीना लोकांची धुणी धुवायची, रामोस नावाच्या बड्या राजकारणी घराण्यात घरकाम करायची. पुढे शिकायला शहरात आलेल्या मुलांना ती आपल्या घरात ठेवून घेऊ लागली, त्यांच्या जेवणाखाण्याचं बघू लागली. घरात विद्यार्थी आले, विद्यार्थ्यांबरोबर पुस्तकं आली, आणि त्या पुस्तकांतून आंतोनिएताला अक्षरांची ओळख झाली. शाळेचा उंबरठा ओलांडायच्या आधीच शाळा तिच्या घरी मुक्कामाला आली. ही योजना तुझी होती की त्या माऊलीची, मला ठाऊक नाही. तुझी असेल तर तुझे उपकार. तिची असेल तर तिला तुझ्या शेजारी बसव.

देवा, अक्षरं येणं म्हणजे त्या देशात काय होतं, हे मला तुझ्यासमोर नीट मांडायचं आहे, कारण माझं सगळं मागणं त्यावर उभं आहे. ब्राझीलमध्ये १८८१ च्या निवडणूक कायद्यानं मतदाराला लिहिता-वाचता आलंच पाहिजे अशी अट घातली. गुलामगिरी त्यानंतर सात वर्षांनी संपली. ज्यांना पिढ्यान् पिढ्या पाटीपासून लांब ठेवलं, त्यांच्या पायातली बेडी निघायच्या आधीच मतपेटीच्या दाराला कुलूप लागून गेलं होतं. पुढे राजा गेला, प्रजासत्ताक आलं, राज्यघटना बदलत राहिल्या, पण निरक्षराला मत नाही हा नियम १९८५ पर्यंत टिकला. शंभरावर वर्षं! माणूस कर भरेल, रस्ते बांधेल, ओझी वाहील, पण त्याचं मत कुणी विचारणार नाही.

आता बाईंनी काय केलं ते बघ. १९२१ साली त्या अध्यापिका विद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावानं साक्षरतेचा वर्ग काढला. गरिबांना लिहायला-वाचायला शिकवायचं, एवढंच काम. हा वर्ग त्यांनी मरेपर्यंत चालवला, तीस वर्षं. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी तो पुढेही चालू ठेवला. त्या वर्गात ज्याला आपलं नाव लिहिता आलं, त्याला वाचनाचा आनंद तर मिळालाच, पण त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तो तिथे नागरिक म्हणून नव्यानं जन्मला. मी शिकवणारी आहे, देवा. पहिलीतल्या मुलाच्या मुठीत पेन्सिल नीट बसेपर्यंत किती वेळ जातो, आपल्या नावातला काना दंडासारखा सरळ उभा राहिला की त्याचा चेहरा कसा फुलतो, हे मी रोज बघते. मोठ्या माणसाची बोटं तर त्याहून हट्टी असतात. घण उचलायला सरावलेला हात पेन धरताना थरथरतो. असे हात बाईंनी तीस वर्षं धरले. इथे मला थांबावंसं वाटतं. बाईंचं पुढचं सगळं नावलौकिकाचं आयुष्य या हातांवर तोललेलं आहे.

त्या लिहायच्याही. १९२२ मध्येच त्यांनी ‘आ सेमाना’ नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं आणि काही वर्षं चालवलं. वृत्तपत्रांतले त्यांचे लेख ‘मारिया दा इल्या’, म्हणजे बेटावरची मारिया, या नावानं यायचे. १९३७ मध्ये त्यातले निवडक लेख ‘फारापोस दे इदेयास’ या पुस्तकात आले. पुस्तकाचे पैसे त्यांनी कुष्ठरोग्यांच्या मुलांच्या शाळेसाठी दिले. आईबाप रोग्यांच्या वसाहतीत बंद, मुलं बाहेर, आणि त्या मुलांना जवळ घ्यायला जग तयार नाही. देवा, त्या मुलांच्या वाट्याचा सगळा दुरावा तुझ्या खाती आहे, पण त्यांच्यासाठी पुस्तक विकणारी बाई तूच पाठवलीस, हेही मी त्याच खात्यात मांडते.

मग १९३२ आलं. गेतुलिओ व्हार्गास यांच्या सरकारनं निवडणूक कायदा केला आणि ब्राझीलच्या बायकांना मताचा हक्क मिळाला. अक्षराची अट तशीच होती. दोन वर्षांनी, १९३४ च्या निवडणुकीत, धुणं धुणाऱ्या कातारीनाची लेक राज्याच्या विधानसभेसाठी निवडून आली. सांता कातारीनाच्या सभागृहातली पहिली स्त्री, आणि साऱ्या ब्राझीलमध्ये आमदार झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ज्या पक्षाकडून त्या उभ्या राहिल्या तो होता नेरेऊ रामोस यांचा लिबरल पक्ष. तेच रामोस घराणं, जिथे आई राबली होती. लोक याचे दोन अर्थ लावतील. कुणी म्हणेल, मालकांच्या आशीर्वादानं वर आली. कुणी म्हणेल, ज्या घराची भांडी आईनं घासली त्याच घराच्या बरोबरीनं लेक बसली. मला दुसरं खरं वाटतं, आणि पहिलं पूर्ण खोटं आहे असं तुझ्यासमोर म्हणवत नाही. गरिबाच्या लेकराला सभागृहाचं दार आतून कुणीतरी उघडावं लागतं. आत गेल्यावर ती काय बोलते, यावर तिचा न्याय कर.

आणि त्या काय बोलल्या? १९३५ मध्ये राज्याची घटना लिहिली जात होती, तेव्हा शिक्षण आणि संस्कृती, तसंच सरकारी नोकरांविषयीची प्रकरणं मांडण्याचं काम बाईंकडे आलं. शिक्षकांची भरती स्पर्धा घेऊन व्हावी, गरीब मुलांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळावी, हे त्यांचे आग्रह. वशिल्यानं लागलेल्या मास्तरापुढे बसावं लागतं तेव्हा मुलाचं काय होतं, हे त्या वर्गातून बघून आल्या होत्या. सभागृहात त्या वर्गाचीच बाजू घेऊन उभ्या राहिल्या. देवा, मला या बाईंविषयी सर्वांत जास्त माया इथे वाटते. आमदार झाल्या आणि भाषा बदलली, असं झालं नाही.

पण तू ते दार फार लवकर लावलंस. नोव्हेंबर १९३७ मध्ये व्हार्गास यांनी हुकूमशाही लादली आणि देशभरच्या विधानसभा बंद केल्या. बाईंची आमदारकी गेली, त्यांनी मेहनतीनं मांडलेली घटना बासनात गेली. त्या घरी परतल्या. वर्ग चालूच होता. राज्यकर्त्याच्या एका सहीनं सभागृह रिकामं झालं, पण त्यांच्या वर्गातल्या बाकांना कुणाचा हुकूम लागू पडला नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला त्यातून मागायचं काय ते समजलं, म्हणून सांगते. १९४४ मध्ये त्या राज्याच्या मोठ्या शिक्षणसंस्थेच्या, दियास व्हेल्यो संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि १९५१ पर्यंत ते काम त्यांनी पाहिलं. लोकशाही परत आल्यावर १९४८ मध्ये पुन्हा विधानसभेत गेल्या.

त्या वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांचा १४५ क्रमांकाचा कायदा झाला : १५ ऑक्टोबर हा शिक्षक दिन, शाळांना सुटी. तारीख अशीच काढलेली नव्हती. १५ ऑक्टोबर १८२७ रोजी सम्राट पेद्रो पहिला यानं गावोगावी प्राथमिक शाळा काढण्याचा कायदा केला होता. बाईंचा दिवस आधी फक्त त्यांच्या राज्यापुरता होता. १९६३ मध्ये तो सगळ्या ब्राझीलचा झाला. आमच्या महाराष्ट्रात याच तारखेला डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन असतो. मुलं वर्गात गोल करून बसतात, हाताला लागेल ते पुस्तक वाचतात. तू ही दोन्ही कामं एकाच दिवसात ओवलीस, म्हणून त्या दिवशी मुलांना पुस्तकं वाटताना मी बाईंचं नाव मनात घेते.

आता एक दुखरी गोष्ट. ती तुला सांगितल्याशिवाय प्रार्थना पुरी होणार नाही. १९५१ मध्ये, आयुष्यभर शिकवून झाल्यावर, राजकीय वादात एका आमदारानं, तोही इतिहासकार म्हणवणारा, बाईंच्या लेखनाची संभावना गुलामांच्या झोपड्यांतली हलकी कारस्थानं म्हणून केली. पन्नाशीला टेकलेली बाई, दोनदा आमदार, राज्यातल्या कितीतरी शिक्षकांची शिक्षिका, आणि तिला तिच्या आईच्या बेडीची आठवण करून दिली! बाईंनी वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. पुढच्या वर्षी, २८ मार्च १९५२ रोजी, त्या मधुमेहानं गेल्या. देवा, त्या शेवटच्या महिन्यांत तू कुठे होतास, असं विचारायचा मोह होतो. तुझ्याकडून उत्तर मागत नाही. पण त्यांच्या मनातला तो काटा तूच काढलेला असू दे. जिवंतपणी नसेल काढला तर नंतर तरी.

२०२३ मध्ये कायद्यानं त्यांचं नाव ब्राझीलच्या वीरांच्या पुस्तकात नोंदवायचं ठरलं. राजधानी ब्रासिलियात ठेवलेलं ते पुस्तक, त्याची पानं पोलादाची. फ्लोरियानोपोलिसमध्ये एका बोगद्यालाही त्यांचं नाव आहे. रोज त्यातून हजारो गाड्या जातात. हे चांगलंच झालं, मला त्यात आनंद आहे. पण त्यांच्या नावानं माझं मागणं वेगळं आहे.

जिथे कुठे, कुठल्याही देशात, कुणी शिक्षिका वर्गातून उठून सभागृहात जाईल, तिला तिथे वर्गाची भाषा बोलायचं बळ दे. तिला दार उघडून देणाऱ्यांची ती मिंधी होऊ नये. तिची खुर्ची गेली तर तिच्या पाठीमागे तिचा वर्ग शाबूत असू दे, आणि त्या वर्गात शिकलेली माणसं तिच्यासाठी उभी राहू देत. तिच्या जन्मावरून कुणी तिला हिणवलं, तर त्या सभागृहातला दुसरा कुणीतरी त्याच क्षणी उठून त्याला गप्प करो. बाईंच्या वाट्याला असा कुणी आला की नाही, हे तू जाणतोस. पुढच्या बाईंच्या वाट्याला येऊ दे.

आणि ज्या घरात आज एखादी आई दुसऱ्यांचे कपडे धुते आहे, तिथे एक पुस्तक पोचव. कुणाच्या हातून पोचवायचं ते तू बघ. माझा हात चालत असेल तर तो घे. परवा सुटी आहे, मी मोकळी आहे.