मूळ प्रत

आबांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. मूळ प्रत बघितल्याशिवाय झेरॉक्सवर शिक्का मारायचा नाही, हा त्यांचा बाणा. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी दाखल्यासाठी परत गावी पिटाळलं होतं.

निवृत्तीनंतर ते ह्यूस्टनला लेकीकडे आले आणि परसात टोमॅटो लावून बसले. मे महिन्यात झाडावर एक तपकिरी ढेकूण दिसला. पाठीवर पट्टीने आखल्यासारखी आडवी पांढरी रेघ, मागच्या नडग्या पानासारख्या पसरट. नातीने, सईने, नाव शोधून काढलं : लीफ-फुटेड बग, लेप्टोग्लोसस फायलोपस. रेघ नागमोडी असती आणि डोक्यामागे दोन पिवळे ठिपके असते, तर तो झोनॅटस, हेही तिने ऐकवलं. आबांना त्या बारकाव्यांशी देणंघेणं नव्हतं. तुरीच्या शेंगांतला रस पिणारा ढेकूण त्यांनी बार्शीकडे जन्मभर पाहिलेला. हा त्याचाच भाऊबंद.

चार दिवसांनी सई मोबाइल घेऊन धावत आली. फोटोत काळ्या पायांचं नारिंगी पिल्लू.

"त्याचीच पिलावळ," आबा म्हणाले.

"पण आबा, ही घोळक्यात नाहीयेत. एकेका पानावर एकेक आहे."

"पोरं आहेत, हिंडणारच."

साबणाच्या पाण्याची बादली आली. आबांनी एकेक पिल्लू टिचकीने आत पाडलं. सतरा मोजली.

पंधरवड्यात शेंड्यांवर मावा चढला, पानं अळ्यांनी कुरतडली, आणि पिकत्या टोमॅटोंवर फिकट डाग उठले. पांढऱ्या रेघेचे ढेकूण मजेत होते.

एका दुपारी सईने बाजूने काढलेले दोन फोटो समोर धरले. पहिल्यात नारिंगी पिल्लांचा घोळका टोमॅटोवर. प्रत्येकाची सोंड लांब, सरळ, पोटाखाली दुमडलेली. दुसऱ्यात बादलीतून वाचलेलं एकटं नारिंगी पिल्लू. सोंड आखूड, आकड्यासारखी वाकडी, आणि ती एका अळीच्या अंगात रुतलेली.

"हा असॅसिन बग, आबा. झेलस. हा झाडाचा रस पीत नाही, किडे खातो."

आबांनी जुना फोटो मागितला. मोठा करून करून पाहिला. तो वरून काढलेला होता. सोंड कुठेच नव्हती. नडग्या साध्या, पण लीफ-फुटेडच्या अगदी लहान पिल्लांच्याही पसरट नसतातच. त्या फोटोत खरं तर एका नारिंगी ठिपक्यापलीकडे काही नव्हतं.

रात्री ते नीट जेवले नाहीत. लेकीला वाटलं, पित्त झालं असेल.

सकाळी सई पुन्हा आली. "आबा, हे बघा, लालसर आहे. टाकू बादलीत?"

आबांनी चष्मा लावला, फोटो पाहिला, मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि चपला शोधू लागले.

"मूळ प्रत कुठंय?"

सई पुढे, आबा मागे, दोघं परसात गेले. बादली नळाखाली पालथी होती.