साक्ष आणि सत्य

‘तुझे सत्य तुझ्यापाशी, माझे माझ्यापाशी’ असे मानणाऱ्या आजच्या काळात ईश्वराची ओळख पटवावी कशी, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मप्रचारकांपुढेही उभा आहे. त्यांच्यातील अनेकांनी युक्तिवाद मागे ठेवून साक्ष पुढे केली: मी त्याला अनुभवले.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्याला ख्रिस्ताचा धर्म लाभला, ख्रिस्त नव्हे, अशी रुखरुख त्यांना पुढे कित्येक वर्षे होती. अंतरीचा पालट नंतर झाला, आणि १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये धर्मजागृतीची मोठी लाट उसळली. रमाबाईंच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही. त्यांच्या तळमळीचा मात्र आदर वाटतो. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रियांना त्यांनी आसरा दिला, हे कोण नाकारील?

हजरत इब्राहीम (अ.) यांनीही मृतांना जिवंत करून दाखविण्याची विनंती अल्लाहजवळ केली होती, हृदयाच्या समाधानासाठी. ती अव्हेरली गेली नाही. पण त्यांचे ईमान त्या अनुभवावर उभे नव्हते. ते आधीच होते. अनुभव हाच एकमेव पुरावा मानला, तर समोरचाही आपला अनुभव पुढे करील. मग निवाडा कशाने व्हावा? म्हणून अनुभवाला दिव्य प्रकटनाची कसोटी लागते.

ती आपल्यालाही लागू आहे. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला सर्व धर्मांचे लोक लोटतात. मुराद पुरी झाल्याचे अनेकजण सांगतात. ख्रिस्ती साक्ष तपासताना आपण जितके चोखंदळ असतो, तितके या सांगण्यापुढे असतो काय?