आ कर आधी

दात काढू नकोस. पानठेल्यावर काल काय बोललास ते आलं माझ्या कानावर. 'माह्या आजानं जनमभर तंबाखू खाल्ला, त्याले काई नाई झालं, मले काय होते!' साऱ्या हिवरखेडात तुला साक्षीदार सापडला तो एकटा आजा? गेलेले ठेल्यावर येऊन सांगत नाहीत, म्हणून ते नव्हतेच का? काही अजून आहेत. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात जा, जबडा काढलेले, नळीनं जेवणारे भेटतील. आजा त्यांनाही होता.

आणि तुझा आजा चिमूटभर तंबाखू चोळायचा. तू मिसरूड फुटायच्या आधीपासून पन्नीत घोटलेला खर्रा दिवसभर गालात दाबून फिरतोस. वर ऐट, 'मी गुटखा कुठं खातो?' गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तुझ्या खर्ऱ्यात सुपारी आहे ना? तंबाखू नसला तरी नुसत्या सुपारीनं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ सालीच सांगून ठेवलंय. आर. आर. पाटील गृहमंत्री होते, बाबू. मुंबईतले डॉक्टर हाताशी होते. २०१५ मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेले, साठीही गाठली नाही. तुझ्या हाताशी कोण आहे?

'दुखलं की दाखवतो' म्हणे! सुरुवातीला दुखतच नाही, तीच तर गोम आहे. २०१७ च्या बोंडअळीनं काय शिकवलं तुला? वरून बोंड हिरवंगार, आत अळी. तेव्हापासून पऱ्हाटीतलं बोंड फोडून बघतोस, स्वतःचं तोंड मात्र आरशात बघवत नाही.

आ कर आधी. तीन बोटं उभी घाल तोंडात. जात नाहीत ना? तिखट लागलं की आग होते, म्हणून बायकोवर ओरडतोस. भाजीत दोष नाही तिच्या. गाल आतून कडक झालाय तुझा. तो पुन्हा पहिल्यासारखा व्हायचा नाही, आहे तिथं थांबला तरी नशीब. आणि हा पांढरा चट्टा कधीचा? दोन महिन्यांचा? मग दोन महिने करत काय होतास?

उद्या पहिल्या एसटीनं अकोल्याला सर्वोपचारमध्ये जायचं. चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतील, घेऊ द्यायचा. सोंगणीचं कारण नको, शेत मी बघतो. आणि ती पुडी ठेव इथं टेबलावर. दुसऱ्या खिशातलीसुद्धा.